बदलीवर ठेवलेली शास्त्रज्ञ

(विहाराच्या अभ्यासिकेतर्फे २८ फेब्रुवारी रोजी झालेल्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमातील भाषण. वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले.)



आज विज्ञान दिन का पाळतात हे मघाशी आपल्या एका मुलाने छान सांगितले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी सर सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात प्रकाशाविषयीचा तो मोठा शोध लावला, १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९८७ पासून आपला देश हा दिवस पाळतो. रामन मोठे होते, त्यात दुमत नाही. पण अभ्यासिकेच्या पोरांनी आम्हाला बोलायला बोलावलं तेव्हा आम्ही एक अट घातली. म्हटलं, रामन यांच्यावर आज देशभर भाषणे होतील. आम्ही रामन यांनी परत पाठवलेल्या एका मुलीवर बोलू. पोरं म्हणाली, चालेल. म्हणून इथे उभे आहोत.

आम्ही शास्त्र शिकलेले नाही. शाळा दहावीत सुटली. पुढचं जे काही शिक्षण झालं ते गिरणीच्या पाळ्या सांभाळून, सार्वजनिक वाचनालयात. गिरणी गेली, वाचनालय राहिलं. तेव्हा कुठे रसायनशास्त्र कमी-जास्त झालं तर इथे बसलेल्या बी.एस्सी.वाल्यांनी सांभाळून घ्यावं.

त्या मुलीचं नाव कमला भागवत. लग्नानंतर कमला सोहोनी. आपल्यातल्या वाचणाऱ्या मंडळींना दुर्गा भागवत हे नाव ठाऊक असेल. आणीबाणीला उघड विरोध करून तुरुंगात गेलेल्या लेखिका. कमलाबाई ही त्यांची धाकटी बहीण. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील आणि चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. तिचं आजचं नाव इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. म्हणजे बघा, घर शिकलेलं, पांढरपेशा, चार पुस्तकं नव्हे तर कपाटभर पुस्तकं असलेलं. १९३३ साली ही मुलगी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी.ला पहिली आली. वडील-चुलते जिथे शिकले तिथे आपणही संशोधन करायचं, म्हणून तिने बंगलोरला अर्ज धाडला.

त्याच वर्षी रामन त्या संस्थेचे संचालक झाले होते. पहिले भारतीय संचालक. त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी होते म्हणून नव्हे. जागा नव्हती म्हणूनही नव्हे. अर्जदार मुलगी आहे म्हणून.

इथे बऱ्याच जणी रडत घरी गेल्या असत्या, आणि घरच्यांनीही म्हटलं असतं की जाऊ दे बाई, लग्नाचं बघू. कमला आगगाडीत बसून बंगलोरला गेली. रामन यांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, मला का घेत नाही त्याचं कारण सांगा, नाहीतर मी तुमच्या कचेरीत सत्याग्रह करीन. वर्ष ध्यानात घ्या, १९३३. सत्याग्रह हा शब्द तेव्हा हवेत होता. त्याच वर्षांत नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी आपली माणसं सत्याग्रहाला बसत होती. इकडे ही मुलगी प्रयोगशाळेच्या दाराशी. दोन लढाया वेगळ्या, त्यांची बरोबरी आम्ही करीत नाही. पण दार आतून बंद केलेलं आहे आणि आत जाण्यासाठी आपली लायकी नव्हे तर आपला जन्म तपासला जातोय, हे बाहेर उभं राहणाऱ्याला कसं लागतं ते आपल्या समाजाला समजावून सांगायला नको.

रामन थोडे नमले. घेतलं, पण तीन अटींवर. एक, पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही. काम पाहून समाधान झालं तरच पुढे. दोन, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्री-अपरात्रीसुद्धा काम करावं लागेल. आणि तीन, तिने प्रयोगशाळेचं वातावरण बिघडवायचं नाही.

पहिली अट वाचली तेव्हा आम्हाला शब्द शोधावा लागला नाही. गिरणीत त्याला बदली म्हणतात. ज्यांनी गिरणी पाहिली नाही त्या पोरांसाठी सांगतो. बदलीवाला पाळीच्या वेळेला खात्याच्या दाराशी उभा राहायचा. कायम कामगार आला नाही तर जॉबर त्याला आत घ्यायचा, आला तर हा घरी परत. काम तेच, साचा तोच, घाम तोच, पण हक्क नाही. कितीतरी जणांची तरुणपणाची वर्षं बदलीत गेली. तर विद्यापीठात पहिल्या आलेल्या मुलीला आपल्या देशाच्या सर्वात मोठ्या विज्ञान संस्थेने वर्षभर बदलीवर ठेवलं. तिच्याबरोबरची मुलं मात्र पहिल्या दिवसापासून कायम.

दुसऱ्या अटीची गंमत बघा. त्या काळी गिरणीत बाईला रात्रपाळीला घ्यायचं नाही असा कायदा होता, बाईच्या भल्यासाठी. आणि प्रयोगशाळेत त्याच बाईला सांगतात, रात्री यावं लागेल. दोन्ही ठिकाणी बाईला कुणी विचारलेलं नाही. तिसऱ्या अटीकडे आम्ही शेवटी येणार आहोत, ती आज आम्हाला हवी आहे.

कमलाने अटी मान्य केल्या. अपमान वाटला नाही असं नाही, तो तिच्या मनात शेवटपर्यंत राहिला. पण आत पाऊल ठेवणं महत्त्वाचं होतं. एम. श्रीनिवासय्या हे तिचे मार्गदर्शक, शिस्तीचे कडक, पण शिकवताना हात आखडता घेणारे नव्हेत. दूध, डाळी, कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर तिने काम केलं. वर्ष संपलं तेव्हा रामन यांना काम पसंत पडलं, आणि पुढे त्यांनी संस्थेत मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. हे त्यांच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. माणूस बदलला. पण बदलला तो कुणाच्या जिवावर? एका मुलीने वर्षभर श्वास रोखून, कुठे चूक होऊ नये म्हणून जपून काम केलं, तेव्हा. तिच्या हातून एखादा प्रयोग फसला असता तर म्हणाले असते, बघा, बायकांचं हे असंच. मुलाचा प्रयोग फसला तर तो त्याचा एकट्याचा फसतो. मुलीचा फसला तर सगळ्या स्त्रीजातीचा. आपल्यातला पहिला माणूस एखाद्या कचेरीत लागतो तेव्हा त्याच्यावरही हेच ओझं असतं.

१९३६ साली एम.एस्सी. झाली आणि शिष्यवृत्ती मिळवून ती इंग्लंडात केंब्रिजला गेली. तिथल्या प्रयोगशाळेतही गर्दी, जागा नव्हती. डेरेक रिश्टर नावाच्या एका शास्त्रज्ञाकडे एक जादा टेबल होतं. रात्री तो त्याच्यावर झोपायचा. तो म्हणाला, दिवसा तुम्ही त्याच्यावर काम करा. एवढंच. अट नाही, वर्षाची परीक्षा नाही. इंग्लंडात तेव्हा सगळं आबादीआबाद होतं असं समजू नका. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा बायकांना शिकू द्यायचं, पण पूर्ण सभासदत्व १९४८ पर्यंत देत नव्हतं. तरी ते टेबल आम्हाला मोठं वाटतं. ज्याच्याकडे टेबल आहे त्याने ते जरा बाजूला सरकवलं की किती होऊ शकतं!

त्या टेबलापासून सुरू झालेलं काम काय होतं, ते आमच्या भाषेत सांगतो. आपण अन्न खातो, ते शरीरात जळतं आणि ताकद मिळते. पण ते चुलीसारखं भडकून जळत नाही. प्रत्येक पेशीत एक रांग असते, आणि तिच्यातून विद्युतकण एका हातातून दुसऱ्या हातात पुढे जातात. कापूस कसा ब्लोरूममधून कार्डिंगला, तिथून पुढे पुढे साच्यापर्यंत जातो, तसं. त्या रांगेतला एक कामगार म्हणजे सायटोक्रोम-सी. त्याच्यात लोह असतं. प्राण्यांत तो आहे हे माहीत झालं होतं. कमलाबाईंनी रॉबिन हिल यांच्या हाताखाली बटाट्यावर काम करताना दाखवलं की तो वनस्पतींच्या पेशींतही आहे. म्हणजे बटाटा आणि माणूस, श्वास घेण्याची आतली यंत्रणा एकाच घराण्यातली. हे सगळं चौदा महिन्यांत, आणि प्रबंध अवघा चाळीस पानांचा. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळाली.

विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असं त्यांना बरेच जण म्हणतात. आम्ही ते छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण आणखी एक नाव आहे आणि ते आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं असं आहे. जानकी अम्माळ. केरळातल्या तेलिचेरीच्या, १८९७ सालच्या, तिय्या म्हणजे तिकडे हलक्या मानलेल्या जातीतल्या. त्यांना १९३१ सालीच अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची वनस्पतिशास्त्रातली डॉक्टरेट मिळाली होती. पुढे कोइमतूरला त्यांनी उसाच्या संकरावर काम केलं. तिथे बाई म्हणून आणि जातीने खालची म्हणून, दोन्ही बाजूंनी त्रास सोसला. पहिली कोण यावरून भांडत बसण्यापेक्षा दोघींची नावं भिंतीवर लावावीत.

कमलाबाई परदेशात राहू शकल्या असत्या. त्या परत आल्या. दिल्लीला लेडी हार्डिंज कॉलेज, मग कुन्नूरची पोषणाची प्रयोगशाळा. १९४७ साली लग्न होऊन मुंबईला आल्या आणि पुढे आपल्या फोर्टातल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. आमच्या दृष्टीने त्यांचं खरं मोठं काम इथलं. विषय कुठले निवडले बघा. गरिबाच्या ताटातले.

नीरा आपण सगळ्यांनी प्यायलेली आहे. ताडाचा किंवा शिंदीचा रस पहाटे उतरवतात, मडक्याला आतून चुना लावतात, म्हणजे तो आंबत नाही. ऊन वर आलं आणि आंबला की ताडी झाली, आणि ताडीने आपल्या वस्त्यांचं काय केलं ते सांगायला नको. तेव्हाचे राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेवर काम हाती घेतलं आणि विद्यार्थ्यांसह दहा-बारा वर्षं ते चिकाटीने केलं. त्यात अ आणि क जीवनसत्त्वं आहेत, लोह आहे, आणि आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना, गरोदर बायकांना ती दिली तर प्रकृती सुधारते, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या कामाला राष्ट्रपती पारितोषिक मिळालं.

कडधान्यांवरचंही तसंच. कच्च्या वालासारख्या कडधान्यात एक द्रव्य असतं, ते पोटातल्या प्रथिनं पचवणाऱ्या रसाला अडवतं. नीट शिजवलं की त्याचा जोर बराच मोडतो. आपल्या आया-आज्या वाल भिजवून, सोलून, मऊ शिजवायच्या. त्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. कमलाबाईंनी त्याचं कारण प्रयोगशाळेत शोधलं. शास्त्र म्हणजे काही आकाशातली गोष्ट नव्हे, ते असं चुलीपाशी येतं.

आता इतकं केल्यावर संस्थेने काय केलं? संचालकपद त्यांच्या वाट्याला येत असताना तब्बल चार वर्षं अडवून धरलं. ज्येष्ठता होती, काम होतं, पारितोषिक होतं. शेवटी पद मिळालं, पण माणसाच्या नोकरीतली चार वर्षं काय असतात ते ज्याची बढती अडली त्याला विचारा. निवृत्तीनंतर त्या गप्प बसल्या नाहीत. मुंबईच्या ग्राहक संघटनेत काम केलं, तिच्या अध्यक्ष झाल्या, अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखायची हे बायकांना सांगितलं, मराठीत मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहिली.

उतारवयात स्त्री-वैज्ञानिकांनी त्यांचा सत्कार केला, तेव्हा बाईंनी सरळ सांगितलं की रामन मोठे शास्त्रज्ञ होते खरे, पण मनाने संकुचित होते, आणि केवळ बाई म्हणून त्यांनी मला जी वागणूक दिली ती मी विसरू शकत नाही. साठ वर्षं उलटून गेली होती. आम्हाला हे बोलणं फार आवडतं. मोठ्यांच्या चुका पोटात घालाव्यात असं शिकवणारे पुष्कळ आहेत. बाईंनी कृतज्ञता आणि हिशेब दोन्ही ठेवले.

मग १९९८ साल. दिल्लीच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेवर पहिल्यांदाच एक स्त्री प्रमुख झाली होती, डॉ. जी. व्ही. सत्यवती. त्यांना कमलाबाईंची हकीकत कळली. त्यांनी आदराने बोलावून दिल्लीत मोठा सत्कार ठेवला. ऐंशी ओलांडलेल्या कमलाबाई त्या समारंभातच कोसळल्या, आणि थोड्याच दिवसांत गेल्या. २०२३ साली १८ जूनला त्यांच्या जन्मदिनी गुगलने त्यांचं चित्र पडद्यावर टाकलं, तेव्हा आपल्या पोरांना नाव कळलं. हार आला, पण केव्हा आला ते बघा. आम्हाला विचाराल तर खरा मान हार घालण्यात नाही. खरा मान १९३३ च्या अर्जावर होकार देण्यात होता, आणि त्या चार वर्षांत होता. तो वेळेवर दिला असता तर पैसाही लागला नसता.

आणि कमलाबाई तरी नशीबवान म्हणायच्या. ॲना मणी नावाची केरळची मुलगी १९४० साली रामन यांच्याच प्रयोगशाळेत आली. हिरे-माणकांमधून प्रकाश कसा जातो यावर तिने एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध लिहिले. १९४५ साली मद्रास विद्यापीठाकडे प्रबंध दिला. विद्यापीठ म्हणालं, तुमच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नाही, डॉक्टरेट मिळणार नाही. नाही ती नाहीच मिळाली. १९४८ साली ती पुण्याला हवामान खात्यात आली, आणि पाऊस, वारा, ऊन मोजायची परदेशातून मागवावी लागणारी यंत्रं तिने आपल्या देशात तयार करवली. आज सौरऊर्जा, पवनऊर्जा म्हणतात, तिची मोजणी करणाऱ्यांत ती पहिल्यांपैकी. नावापुढे डॉक्टर मात्र लागलं नाही.

परदेशात हे नव्हतं असं नाही. १९०३ साली पदार्थविज्ञानाच्या नोबेलसाठी आधी पिअर क्युरी आणि बेकरेल अशी दोघा पुरुषांचीच नावं होती. एका स्वीडिश गणितज्ञाने आधी कळवलं, आणि पिअर यांनी पत्र लिहून सांगितलं की या कामात मारी आहे, म्हणून तिचं नाव आलं. १९०१ पासून २०२५ पर्यंत पदार्थविज्ञानाचं नोबेल किती बायकांना मिळालं? पाच. हाताची बोटं पुरतात.

आता तिसरी अट. वातावरण बिघडवायचं नाही.

आपल्या अभ्यासिकेचा एक नियम आहे. मुलं रात्री बारापर्यंत बसतात. मुलींनी आठ वाजता उठायचं. इतिवृत्ताच्या वहीत कारण लिहिलेलं आहे: अभ्यासिकेचे वातावरण राहावे म्हणून. ज्या बैठकीत हा नियम झाला तिथे आम्ही विरोध केला होता, तोही वहीत आहे. नियम करणारे आपलेच लोक आहेत, चांगले आहेत, त्यांच्या मनात काळजी होती. रामन यांच्याही मनात काळजीच असेल. पण ज्या मुली आठ वाजता दप्तर उचलतात त्या कुठे जातात? दहा बाय बाराच्या खोलीत. तिथे टीव्ही चालू असतो, आजी आजारी असते, धाकटा भाऊ रडत असतो, आणि भाकरी थापायच्या असतात. साडेदहाला सगळे झोपले की दिवा घालवावा लागतो. ज्या तासांना अभ्यास होऊ शकतो नेमके तेच तास आपण त्यांच्याकडून काढून घेतले आहेत. गेल्या वर्षी बारावीला विज्ञान घेतलेल्या वस्तीतल्या तीन मुली आम्हाला माहीत आहेत. त्यांच्याकडे काय कमी आहे, सांगा? डोकं तर नाही.

कुणी म्हणेल, रात्रीचं काही झालं तर? रास्त प्रश्न आहे. म्हणून नुसतं भाषण करून आम्ही बसत नाही. आम्ही महिला मंडळाशी बोललो आहोत. आठ ते साडेअकरा रोज दोघी जणी आळीपाळीने अभ्यासिकेत बसायला तयार आहेत, चौदा नावं आली आहेत. गल्लीतला बंद पडलेला दिवा आपण वर्गणीतून लावू. मुलींना घरी सोडायला जाण्याचं काम आम्ही चौघा निवृत्त गिरणीवाल्यांनी अंगावर घेतलं आहे, नाहीतरी रात्रपाळीची सवय गेलेली नाही. पोरांनी आपापली टेबलं जरा भिंतीकडे सरकवली की आठ खुर्च्या सहज मावतात. आम्ही काल टेप घेऊन मोजलं.

ठराव लिहून सचिवांकडे दिला आहे. खाली एकतीस सह्या आहेत, पैकी एकोणीस बायकांच्या, आणि अकरा अभ्यासिकेतल्या मुलांच्या. तो येत्या रविवारच्या बैठकीत पहिल्या विषयाला घ्यावा, अशी अध्यक्षांना विनंती.

जय भीम.